हौशी वैमानिक आणि आकाशाचा रंग

विमान चालविण्याचा परवाना मिळाला म्हणजे मनुष्य रोज उडत असेल, असा आपला समज असतो. वस्तुतः हौशी वैमानिक संसार व व्यवसाय सांभाळून, सुट्टीच्या दिवशी, आकाश निरभ्र व वारा मंद पाहूनच उडतो. अमेरिकेत असा नियम आहे की, सोबत उतारू न्यावयाचे असल्यास मागील ९० दिवसांत निदान तीन उड्डाणे व तीन अवतरणे झालेली असावीत. रात्री न्यावयाचे असल्यास तीही रात्रीचीच हवीत.

परंतु एवढ्याने भागत नाही. क्षितिज दिसेनासे झाले की शरीर फसवते. विमान कलले असताही ते सरळच आहे असे वाटते. अशा वेळी केवळ यंत्रांवर विश्वास ठेवून उडण्याची विद्या निराळी शिकावी लागते व तिची परवानगीही निराळी असते. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे चिरंजीव जॉन यांजपाशी ती नव्हती. जुलै १९९९ मध्ये, धूसर हवेत, रात्री समुद्रावरून जाताना त्यांना असाच भ्रम झाला आणि पत्नी व मेहुणी यांसह ते मृत्यू पावले.

आकाश पाहून ‘आज नको’ म्हणणे, हाही वैमानिकाच्या अभ्यासाचाच भाग होय.