राजगड ‘जागतिक’ झाला, म्हणजे कायद्यानं नेमकं काय झालं?

मागच्या काही व्याख्यानांत आपण समुद्र, व्यापार आणि निर्वासित यांच्याविषयीचे करार पाहिले. तेव्हा असं वाटलं असेल की आंतरराष्ट्रीय कायदा ही जिनिव्हा-हेगची गोष्ट. आपल्या गावाचा तिच्याशी काय संबंध? म्हणून आज आपण वेल्हे तालुक्यात जाऊ, गुंजवण्याच्या खोऱ्यात.

११ जुलै २०२५ रोजी जागतिक वारसा समितीनं ‘मराठा लष्करी स्थापत्य’ या नावाखाली बारा किल्ले यादीत घेतले. अकरा महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी. वेल्ह्यातून राजगड आला. शेजारचा तोरणा आला नाही, भोरचा रोहिडाही नाही. म्हणजे समोरासमोर उभे असलेले दोन डोंगर. एकावर आंतरराष्ट्रीय कराराचं बंधन आहे, दुसऱ्यावर नाही.

हा करार १९७२ सालचा. पॅरिसमध्ये युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेत तो मंजूर झाला आणि भारतानं १९७७ मध्ये त्याला मान्यता दिली. गडाच्या पायथ्याच्या गावांत यादीची बातमी आली की एक प्रश्न हमखास येतो: आता आमची जमीन जाणार का? घर बांधायला पॅरिसची परवानगी लागणार का?

उत्तर कराराच्या सहाव्या कलमातच आहे. तिथे दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत. ज्या देशात वारसा आहे त्याच्या सार्वभौमत्वाचा पूर्ण आदर राहील, आणि देशाच्या कायद्यानं दिलेल्या मालमत्तेच्या हक्कांना बाधा येणार नाही. तेव्हा सातबाऱ्यावरचं नाव युनेस्को बदलू शकत नाही. गडाभोवतीच्या संरक्षक पट्ट्यात बांधकामावर जी बंधनं येतात ती आपल्याच कायद्यांतून येतात: पुरातत्त्व कायदा, वनकायदा आणि १९६६ चा प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम. त्यामुळे दाद मागायची ती पुण्यात आणि मुंबईत, पॅरिसला नव्हे.

मग बंधन कुणावर? करारावर सही भारत सरकारची. चौथ्या कलमानुसार जतन करून पुढच्या पिढीकडे सोपवायचं कर्तव्य देशाचं. पण राजगड हे राज्य संरक्षित स्मारक आहे. त्याची देखभाल राज्याचं पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय करतं. रायगड, शिवनेरी, लोहगड मात्र केंद्राच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे. केंद्रीय स्मारकाभोवती शंभर मीटर बांधकामाला मनाई आणि पुढचे दोनशे मीटर नियंत्रित, हा नियम केंद्राच्या कायद्यातला आहे. राज्याच्या स्मारकाला राज्याचा १९६० चा कायदा लागू होतो. वचन दिल्लीनं द्यायचं आणि पाळायचं राज्यानं, अशी ही रचना आहे.

या भागाला ती नवी नाही म्हणा. भोर संस्थानात विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड असे पाच तालुके होते. वेल्हे तालुक्याला अलीकडे मिळालेलं ‘राजगड’ हे नाव त्या अर्थानं जुनंच. संस्थानाचा कारभार भोरला चाले, पण परराष्ट्रांशी करार करण्याचा अधिकार इंग्रज सत्तेकडे होता. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं. तरी करार करणारा एक आणि जमिनीवर कारभार करणारा दुसरा, हा पेच संघराज्यात उरतोच.

आपल्या राज्यघटनेत त्यावर वाट आहे. अनुच्छेद २५३ नुसार करार पाळण्यासाठी संसद राज्यांच्या विषयांवरही कायदा करू शकते. शिवाय देशी कायदा गप्प असेल आणि विरोधात नसेल, तर न्यायालयं कराराचा आधार घेतात. १९९७ च्या विशाखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हेच केलं.

आता समजा, उद्या गडावर मोठं बांधकाम करायचं ठरलं. रज्जुमार्ग म्हणा, रुंद रस्ता म्हणा. समितीच्या कार्यपद्धतीत, परत फिरता येणार नाही असा निर्णय होण्याआधीच तिला कळवावं, अशी अपेक्षा आहे. न कळवता काम रेटलं तर? कुणाला अटक होत नाही, दंडही नाही. समितीच्या हातात दोनच गोष्टी: धोक्याच्या यादीत टाकणं आणि शेवटी नाव काढणं.

हंपी १९९९ मध्ये पुलांच्या बांधकामामुळे धोक्याच्या यादीत गेलं आणि २००६ मध्ये बाहेर आलं. जर्मनीत ड्रेस्डेन शहराची गोष्ट वेगळी. एल्ब नदीवर पूल हवा, असा कौल नागरिकांनी २००५ मध्ये मतदानानं दिला. वारसा टिकवण्यासाठी शहर प्रशासन न्यायालयात गेलं, पण घटनात्मक न्यायालयानं २००७ मध्ये हस्तक्षेप केला नाही. २००९ मध्ये ड्रेस्डेनचं नाव यादीतून गेलं. पूल आज उभा आहे.

यातून आपण काय घ्यायचं? हा कायदा धाकावर कमी आणि लाजेवर जास्त चालतो. म्हणून त्याची ताकद स्थानिक लोक किती विचारतात यावर ठरते. पाचव्या कलमात एक वाक्य आहे, ते गावकऱ्यांनी लक्षात ठेवावं: वारशाला समाजाच्या जगण्यात स्थान मिळेल असं धोरण प्रत्येक देशानं आखायचा प्रयत्न करावा. पाली, गुंजवणे, भुतोंडे इथला माणूस पाहुण्यांना जेवण देतो, वाट दाखवतो, गडावर ताक-पाणी विकतो. त्याला हुसकून केलेलं जतन कराराच्या भावनेशी जुळत नाही. तसंच, गावच्या नावानं गडाचा माथा सिमेंटनं भरणंही जुळत नाही.

तेव्हा ग्रामसभेत तीन प्रश्न विचारायला हरकत नाही. संरक्षक पट्ट्याचा नकाशा कुठे पाहायला मिळेल? गडाचा व्यवस्थापन आराखडा मराठीत आहे का? आणि दर सहा वर्षांनी देश जो अहवाल समितीला पाठवतो, त्यात आमचं म्हणणं कोण लिहिणार?

पुढच्या व्याख्यानात आपण नद्यांच्या वाटपाचे करार पाहू.