गोचीड आणि बुरशी

‘कीटकनाशक बुरशी’ ही संज्ञा गोचिडीस काटेकोरपणे लागू पडत नाही, कीटक षट्पाद, गोचीड अष्टपाद (पिलावस्थेत मात्र तिलाही सहाच पाय!). मेटारायझियम ही बुरशी हा भेद मानीत नाही. तिचे बीजाणू कवचावरच रुजतात आणि विकरांच्या साहाय्याने ते भेदून आत शिरतात. ते पोटात जाण्याची आवश्यकता नसते. सातारा-सांगलीच्या उसात हुमणीवर हीच बुरशी योजतात. मग रासायनिक औषधांना दाद न देणाऱ्या गोचिडींवर, खिल्लार बैलाच्या अंगीच ती का फवारू नये? बीजाणूंना ओलावा आणि सुमारे २५ ते २८ अंश सेल्सिअस तापमान मानवते. जनावराची कातडी त्याहून उष्ण, शिवाय माण-जतची हवा कोरडी. परंतु रक्ताने फुगलेली मादी गळून पडते व गोठ्याच्या फटींत २,००० ते ३,००० अंडी घालते. त्या सावलीतल्या, ओलसर फटींत बुरशी अधिक तग धरते.