घराचा नकाशा संगणकावर काढताय? आधी भिंतीची जाडी टाका

बाहेरून 15 बाय 18 म्हणजे 270 चौरस फुटांचं घर. चारी भिंती 9 इंची धरल्या, तर आत उरतात साडेतेरा बाय साडेसोळा, म्हणजे जेमतेम 223 चौरस फूट. बाकीची जागा भिंतीतच गेली! पाया खोदल्यावर हे कळून उपयोग नाही.

स्वीट होम थ्रीडी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. प्रेफरन्सेसमध्ये माप फूट-इंचात करा, नव्या भिंतीची जाडी 9 इंच टाका. भिंती काढल्यावर बाहेरचं माप बरोबर भरतंय का बघा. रूमचं टूल घेऊन आत डबल क्लिक केलं की आतलं क्षेत्रफळ दिसतं. पलंग, कपाट खऱ्या मापाचं ठेवून पाहा. कॉलम, बीम, लोखंड किती लागेल ते मात्र यात कळत नाही. त्याला इंजिनिअरच पाहिजे.