सर्वांत मोठी मूळ संख्या सापडलेली नाही

“सर, जगातली सर्वांत मोठी मूळ संख्या सापडली ना?” ऑक्टोबर २०२४ पासून हे मला मुलं विचारतात, पालक विचारतात. गणित शिकवणारेही विचारतात, तेव्हा मात्र चीड येते. नाही सापडली. कधी सापडणारही नाही, कारण अशी संख्याच नाही.

त्या महिन्यात अमेरिकेच्या ल्यूक ड्युरांट यांनी ‘गिम्प्स’ या स्वयंसेवकांच्या प्रकल्पातून जी शोधली, ती २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. पानावर तीन हजार अंक छापले तरी साडेतेरा हजारांवर पानं लागतील. काम मोठंच आहे. पण ती तोवर माहीत झालेल्यांतली सर्वांत मोठी. बातमीत ‘ज्ञात’ हा शब्द गळला आणि अर्थच उलटा झाला.

सर्वांत मोठी मूळ संख्या असते का, हा प्रश्न युक्लिडने दोन हजार वर्षांपूर्वीच मिटवला आहे. समजा २, ३, ५, ७, ११, १३ एवढ्याच मूळ संख्या आहेत. त्यांचा गुणाकार करा, १ मिळवा: ३००३१. यादीतल्या कशानेही भागा, बाकी १ उरते. म्हणजे हिला भागणारी मूळ संख्या यादीबाहेरचीच हवी. (३००३१ स्वतः मूळ आहे असं मात्र समजू नका, ती ५९ × ५०९ आहे.) यादी कितीही लांबवा, हेच होणार. शिवाय एकोणिसाव्या शतकात चेबिशेव्हने सिद्ध केलं की १ पेक्षा मोठी कोणतीही संख्या आणि तिची दुप्पट यांच्यामध्ये एक तरी मूळ संख्या असतेच. तेव्हा ड्युरांट यांच्या संख्येहून मोठी मूळ संख्या तिच्या दुपटीच्या आतच आहे. कोणती, एवढंच ठाऊक नाही.

मग तिच्याहून लहान तरी सगळ्या माहीत असतील? त्याही नाहीत, मधे असंख्य म्हणाव्यात इतक्या अज्ञात आहेत.

बँकांचे व्यवहार ड्युरांट यांच्या संख्येवर चालतात, हेही खोटं. आरएसए या कूटलेखनाच्या पद्धतीत साधारण तीनशे अंकी मूळ संख्यांची जोडी लागते आणि ती गुप्त असावी लागते. जाहीर झालेली संख्या तिथे निरुपयोगी.

मग २ चा घातांक मूळ असला की १ वजा करून येणारं उत्तर मूळच असतं? नाही. ११ मूळ आहे, पण २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, म्हणजेच २३ × ८९.

आणि एकेका संख्येने भागून ड्युरांट यांची संख्या तपासलेली नाही. विश्वाचं वय पुरलं नसतं. ‘२ चा घात वजा १’ अशा संख्यांसाठी ल्यूका-लेमर कसोटी आहे. ३१, म्हणजे २ चा ५ वा घात वजा १, घ्या. ४ पासून सुरुवात. वर्ग करा, २ वजा करा, ३१ ने भागून बाकी ठेवा. ४ वरून १४, १४ वरून १९४, त्याची बाकी ८. ८ वरून ६२, बाकी शून्य. घातांकाहून दोन कमी पायऱ्या झाल्या, शून्य आलं, म्हणून ३१ मूळ. १२७ साठी हे वहीत करून पाहा: पाचव्या पायरीला शून्य येतं.