दुकानामागचा वर्ग

अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यात चार्ल्स्टन शहराला लागून जॉन्स आयलंड नावाचे बेट आहे. ७ जानेवारी १९५७ च्या संध्याकाळी तिथे एका सहकारी दुकानाच्या मागच्या बाजूला प्रौढांचा वर्ग भरला. पुढे वाणसामान, मागे फळा. दुकान सोयीसाठी होते तसे आडोशासाठीही. रस्त्याने जाणाऱ्या गोऱ्या माणसाला दुकान दिसावे, वर्ग दिसू नये. पहिल्या दिवशी चौदा जण आले. शिकवायला उभ्या राहिलेल्या बर्निस रॉबिन्सन शिक्षिका नव्हत्या. चार्ल्स्टनमध्ये बायकांची केशभूषा करणे आणि कपडे शिवणे हा त्यांचा व्यवसाय होता. ‘सिटिझनशिप स्कूल’ या नावाने पुढे अमेरिकेच्या दक्षिणेत पसरलेल्या प्रौढ वर्गांची सुरुवात इथून झाली.

या वर्गांची निकड अक्षरांपेक्षा मताची होती. साउथ कॅरोलायनाच्या १८९५ च्या घटनेनुसार मतदार म्हणून नाव नोंदवायचे तर घटनेतला उतारा वाचून-लिहून दाखवावा लागे, नाहीतर तीनशे डॉलरची मालमत्ता दाखवावी लागे. कागदावर अट सर्वांना सारखी. प्रत्यक्षात परीक्षा घेणारा गोरा, उतारा निवडणारा तोच आणि निकाल देणाराही तोच. गुलामगिरी संपून नव्वद वर्षे उलटली होती, पण बेटावर काळ्यांच्या वाट्याला आलेल्या शाळा इतक्या तुटपुंज्या होत्या, की सहीच्या जागी फुली मारणारी माणसे घरोघर होती.

इसॉ जेंकिन्स याच बेटावरचे. चौथीपर्यंत शिकलेले, शेती सांभाळून बस चालवणारे. बेटावरच्या मजुरांना ते शहरात कामावर नेत. त्यांच्या बसमधल्या ॲलिस वाइन नावाच्या बाईंनी त्यांना गळ घातली : वाचायला शिकवा, मी नाव नोंदवते. जेंकिन्स यांनी घटनेतले उतारे प्रवाशांच्या हातात दिले आणि जाता-येता त्यांचा अर्थ सांगायला सुरुवात केली. बाईंनी ऐकून ऐकून उतारा पाठ केला आणि परीक्षेत खडाखडा म्हणून दाखवला. नाव लागले, पण बाईंचे समाधान झाले नाही. पाठांतर म्हणजे वाचन नव्हे, हे त्यांना कळत होते. चालत्या बसमध्ये याच्या पुढे जाणे शक्य नव्हते.

सेप्टिमा क्लार्क (१८९८–१९८७) यांची शिक्षकी १९१६ मध्ये याच बेटावर सुरू झाली होती. १९५६ मध्ये राज्याने कायदा करून सरकारी नोकरांना ‘एनएएसीपी’ या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे सभासद राहायला बंदी केली. क्लार्क यांनी सभासदत्व सोडले नाही आणि लपवलेही नाही. चाळीस वर्षांच्या सेवेनंतर त्यांची नोकरी गेली, पेन्शनही गेले. त्यांनी ७२६ काळ्या शिक्षकांना स्वतःच्या सहीची पत्रे पाठवली आणि या कायद्याविरुद्ध सोबत यायची विनंती केली. उत्तरे आली २६. दोष त्यांनी शिक्षकांना दिला नाही. माणसे तयार व्हायच्या आधीच आपण त्यांना पुढे ढकलायला गेलो, ही चूक आपली, असा अर्थ त्यांनी लावला. पुढच्या सगळ्या कामात त्यांची जी चिकाटी दिसते, ती या सव्वीस उत्तरांनी शिकवलेली आहे.

या गोष्टीचा तिसरा धागा टेनेसीच्या डोंगरातला. डेन्मार्कमधली लोकविद्यालये पाहून आलेल्या माइल्स हॉर्टन यांनी डॉन वेस्ट यांच्यासह १९३२ मध्ये मॉन्टीगल गावाजवळ ‘हायलँडर फोक स्कूल’ काढले. तिथे परीक्षा नव्हती, पदवी नव्हती. कामगार आणि गावकरी यायचे, आपल्या अडचणी मांडायचे आणि त्यांवर आपसांत बोलून वाट काढायचे. गोरे-काळे एकत्र जेवत, एकत्र राहत. दक्षिणेत तेव्हा हे धाडसच होते. रोझा पार्क्स १९५५ च्या उन्हाळ्यात इथल्या शिबिराला येऊन गेल्या, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात माँटगोमेरीच्या बसमध्ये त्यांनी जागा सोडायला नकार दिला. चार्ल्स्टनच्या तंबाखू कामगारांनी १९४५-४६ च्या संपात म्हटलेले एक गाणेही हायलँडरमध्येच माइल्स यांच्या पत्नी झिल्फिया हॉर्टन यांनी उचलून घेतले. मराठी मुले शाळेत ‘हम होंगे कामयाब’ म्हणतात, ते त्याच गाण्याचे गिरिजाकुमार माथुरांनी केलेले हिंदी रूप.

क्लार्क १९५४ च्या उन्हाळ्यात जेंकिन्स यांना हायलँडरला घेऊन गेल्या. शिबिराचा विषय होता संयुक्त राष्ट्रसंघ. आपल्या गावी जाऊन काय करणार, असे विचारल्यावर जेंकिन्स यांनी जगाचे प्रश्न बाजूला ठेवले आणि बेटावर मोठ्या माणसांसाठी शाळा हवी, असे सांगितले. हॉर्टन यांनी ते ऐकून शाळा काढली नाही. आधी ते बेटावर जाऊन राहिले, लोकांत फिरले. बेटावर सरकारी पैशाचे प्रौढ वर्ग पूर्वी होते. शिक्षकाला पगार होता, विद्यार्थी मात्र नव्हते. कारण साधे होते. प्रौढांना लहान मुलांच्या बाकांवर बसवत. दिवसभर शेतात राबलेला सहा फुटी माणूस गुडघे पोटाशी घेऊन पहिलीच्या बाकात बसे आणि पोरे खिदळत. एकदा आलेला पुन्हा येत नसे. निरक्षर माणूस अडाणी नसतो. त्याला मान राखून घेता येतो, आणि तो राखला जात नसेल तर घरी बसता येते. आपल्याकडच्या रात्रीच्या वर्गांच्या हजेरीपटातही हे कारण शोधायला हवे.

मुख्याध्यापक आणि पाद्री यांच्याकडे जागा मागितली, तर नोकरीच्या आणि गोऱ्यांच्या भीतीने ते मागे सरले. शेवटी जेंकिन्स यांच्या ‘प्रोग्रेसिव्ह क्लब’ने शाळेची एक पडीक इमारत विकत घेतली. पंधराशे डॉलर हायलँडरने बिनव्याजी उसने दिले. देणगी न देता उसने देण्यात शहाणपण होते : इमारत बेटाची झाली, हायलँडरची नव्हे. कर्ज फिटावे म्हणून पुढे दुकान निघाले.

शिक्षक कोण, यावर खल झाला. गोरा नको, कारण लोक मान डोलावतील पण बोलणार नाहीत. व्यावसायिक शिक्षकही नको, कारण तो मुलांना शिकवतो तसेच मोठ्यांना शिकवील. क्लार्क यांनी आपली नात्यातली बहीण रॉबिन्सन यांचे नाव पुढे केले. त्या आधी नाही म्हणाल्या. मग तयार झाल्या आणि जाताना प्राथमिक शाळेची काही पुस्तके घेऊन गेल्या. पहिल्याच संध्याकाळी ती पोरकट वाटली आणि बाजूला राहिली. आपण शिक्षिका नाही, सगळे मिळून शिकू, असे सांगून त्यांनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला : तुम्हाला काय शिकायचे आहे? उत्तरे आली ती अशी : नाव लिहायचे आहे, बायबल वाचायचे आहे, सैन्यातल्या मुलाला पत्र लिहायचे आहे, मनीऑर्डरचा आणि टपालाने माल मागवायचा फॉर्म भरायचा आहे. तोच अभ्यासक्रम झाला. गणितासाठी वर्तमानपत्रातल्या वाणसामानाच्या जाहिराती कापून आणल्या. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत नाव लिहून द्यायचे आणि विद्यार्थ्याने त्यावरून पेन्सिल फिरवत राहायची, हाताला वळण बसेपर्यंत. नांगर धरणाऱ्या हातात पेन्सिली मोडत. भिंतीवर संयुक्त राष्ट्रसंघाचा मानवी हक्कांचा जाहीरनामा होता. वर्ग संपेपर्यंत तो सर्वांना वाचता यावा, हे रॉबिन्सन यांनी ठेवलेले उद्दिष्ट.

पासष्ट वर्षांच्या एका विद्यार्थिनीची हकिगत रॉबिन्सन पुढे सांगत असत. फळ्यावर सगळ्यांची नावे उलटसुलट लिहिली होती. यात तुमचे नाव सापडते का, असे विचारताच म्हातारीने त्यांच्या हातातली छडी काढून घेतली, फळ्याकडे गेली आणि आधी नाव, मग आडनाव अचूक दाखवून एकेक अक्षर म्हणून दाखवले. रॉबिन्सन यांच्या अंगावर काटा आला.

वर्गाची बातमी वॉडमलॉ आणि एडिस्टो या शेजारच्या बेटांवर गेली. नॉर्थ चार्ल्स्टनमध्ये तर एका ब्यूटी पार्लरमध्येच वर्ग भरू लागला. केशभूषा करणाऱ्या बायकांकडे हे काम वारंवार आले, त्यामागे हिशेब आहे. त्यांची गिऱ्हाइके काळी, दुकान स्वतःचे. त्यांना नोकरीवरून काढणारा गोरा मालकच नव्हता. शिवाय खुर्चीत बसलेली बाई तासभर उठत नाही.

जेंकिन्स यांच्याकडे माणसे होती, क्लार्क यांच्याकडे शिकवण्याची चाळीस वर्षे, हॉर्टन यांच्याकडे पैसा उभा करण्याची हातोटी, रॉबिन्सन यांच्याकडे बोलण्यातली जवळीक. एकाकडेही उरलेली तीन नव्हती. हे सगळे गोडीगुलाबीने झाले, असेही नाही. लोकांना सांगितले की ते लगेच नोंदणीला जातील, असे हॉर्टन यांना वाटे. आधी वाचन-लेखन, मग नोंदणी, यावर क्लार्क अडून बसत आणि प्रसंगी त्यांच्यावर आवाज चढवत. क्लार्क यांचे खरे ठरले.

३१ जुलै १९५९ रोजी हायलँडरवर पोलिसांची धाड पडली आणि क्लार्क यांना अटक झाली. १९६१ मध्ये टेनेसी सरकारने संस्थेची मान्यता रद्द केली. तोवर वर्गांचे काम मार्टिन ल्यूथर किंग यांच्या ‘सदर्न ख्रिश्चन लीडरशिप कॉन्फरन्स’कडे सोपवले जात होते. जॉर्जियातल्या डॉर्चेस्टर केंद्रात क्लार्क, डोरोथी कॉटन आणि अँड्र्यू यंग गावोगावच्या माणसांना शिक्षक म्हणून तयार करू लागले. परत गेलेला प्रत्येक जण आपल्या गावात वर्ग काढी. मिसिसिपीतल्या मळ्यावर राबलेल्या फॅनी लू हेमर याच फळीतल्या; जून १९६३ मध्ये चार्ल्स्टनच्या अशाच प्रशिक्षणाहून परतताना विनोना गावी त्यांना तुरुंगात अमानुष मारहाण झाली. क्लार्क यांच्या हिशेबाने १९५७ ते १९७० या काळात ८९७ वर्ग झाले. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने साक्षरतेची परीक्षाच मोडीत काढली.

या चळवळीची छायाचित्रे मोर्च्यांची आहेत, वर्गांची फारशी नाहीत. क्लार्क यांनी किंग यांना पत्र लिहून सुचवले होते, की प्रत्येक मोर्चाच्या अग्रभागी तुम्ही नसावे, इतरांनाही पुढे येऊ द्यावे. पत्र बैठकीत वाचले गेले तेव्हा मंडळी हसली. कार्यकारिणीत बाई कशाला, असे विचारणारेही तिथे होते. किंग यांच्याबद्दल क्लार्क यांचा आदर अखेरपर्यंत टिकला आणि ही तक्रारही टिकली.

ज्या चार्ल्स्टनच्या शाळांतून क्लार्क यांना काढले होते, त्याच चार्ल्स्टन जिल्ह्याच्या शाळा मंडळावर १९७० च्या दशकात त्या निवडून आल्या. तेव्हा त्यांचे वय पंचाहत्तरीच्या पुढे गेले होते. रोखलेले पेन्शनही राज्याने त्याच दशकात सुरू केले.