सोडतीत हरलेल्यांचा हिशेब

म्हाडाच्या सोडतीचा निकाल लागला की आपण एकच यादी उघडतो, विजेत्यांची. ज्यांना घर लागलं नाही त्यांची अनामत रक्कम खात्यात परत येते आणि विषय संपतो. मलाही बरीच वर्षं तो तिथेच संपतो असं वाटायचं. मग शिकागोची एक हकिकत वाचनात आली, आणि त्या हरलेल्या लोकांकडे मी वेगळ्या नजरेनं पाहू लागलो.

आधी एक जुनं कोडं. चांगल्या वस्तीतली मुलं पुढे चांगली निघतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ती वस्तीमुळे निघतात, की तशा वस्तीत घर घेऊ शकणाऱ्या आईबापांमुळे? पत्ता माणसाला घडवतो, की घडलेला माणूस पत्ता निवडतो? हे दोन धागे इतके गुंतलेले असतात की नुसत्या निरीक्षणानं ते सुटत नाहीत. त्यासाठी हजारो सारखी कुटुंबं घ्यायची, डोळे मिटून काहींना एका वस्तीत न्यायचं, काहींना जागच्या जागी ठेवायचं आणि पंधरा-वीस वर्षं थांबायचं! असा प्रयोग कोण करू देईल?

तो झाला, आणि त्याची सुरुवात शिकागोतल्या एका कज्ज्यातून झाली.

या शहरात गरिबांसाठीची सरकारी घरं कुठे बांधायची, याला नगरसेवकांची मंजुरी लागे. आपल्या प्रभागात कृष्णवर्णीय भाडेकरू येणार असं दिसलं की गोरे नगरसेवक जागा नाकारत. गृहनिर्माण मंडळाचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष रॉबर्ट टेलर यांनी शहरभर मिश्र वस्तीची घरं विखरून बांधायचा आग्रह धरला होता. नगरपरिषदेनं तो मानला नाही, तेव्हा 1950 मध्ये त्यांनी राजीनामा दिला. पुढे 1962 मध्ये कृष्णवर्णीयांच्याच पट्ट्यात सोळा-सोळा मजल्यांच्या 28 इमारती पूर्ण झाल्या. साडेचार हजारांच्या आसपास घरं, एकाच रस्त्याला लागून. त्या वसाहतीला नाव कुणाचं दिलं? रॉबर्ट टेलर यांचं. ज्या गोष्टीला माणसानं विरोध केला, तिच्यावरच त्याची पाटी लावायची ही कला फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नये.

ऑगस्ट 1966 मध्ये अशाच एका वसाहतीतली भाडेकरू कार्यकर्ती डोरोथी गॉत्रो आणि तिच्या सोबत्यांनी मंडळावर दावा लावला. त्यांचे वकील होते अलेक्झांडर पोलिकॉफ. (गॉत्रो हे आडनाव. जन्मावरून होणाऱ्या भेदभावाच्या खटल्याला हे नाव असावं, आणि आपल्या कानाला त्यात गोत्र ऐकू यावं, याला काय म्हणायचं!) त्याच महिन्यात मार्टिन ल्यूथर किंग याच शहरात घरांच्या प्रश्नावर मोर्चे काढत होते आणि दगड झेलत होते. एप्रिल 1968 मध्ये त्यांची हत्या झाली. त्यानंतर आठवडाभरातच, वंश, वर्ण, धर्म वा मूळ देश पाहून घर नाकारण्यावर बंदी घालणारा कायदा अमेरिकेत मंजूर झाला. डोरोथीही त्याच वर्षी वारली. तिच्या बाजूनं निकाल लागला 1969 मध्ये. न्यायालयानं मंडळाचे कागद तपासले, तेव्हा गोऱ्या भागातल्या चार वसाहती वगळता कुटुंबांसाठीची 99 टक्क्यांहून जास्त घरं कृष्णवर्णीय वस्त्यांत निघाली. त्या चार वसाहतींत कृष्णवर्णीय किती असावेत, याची मर्यादाही ठरलेली होती. गोऱ्या भागातही बांधा, असा हुकूम झाला. मंडळानं त्यावर नामी उपाय काढला आणि बांधणंच जवळजवळ बंद केलं.

मग 1976 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की केंद्रीय गृहनिर्माण खात्यालाही जबाबदार धरता येईल आणि उपाय शहराच्या हद्दीबाहेर, उपनगरांतही करता येईल. त्यातून निघालेल्या योजनेत नवी घरं बांधायची नव्हती. कुटुंबाला भाड्याचं कूपन द्यायचं, मिळकतीप्रमाणे थोडं भाडं त्यानं भरायचं, उरलेलं सरकारनं. दोन दशकांत सात हजारांहून जास्त कुटुंबं हलली. ज्यांची पाळी आली त्यांना त्या वेळी जी जागा रिकामी असेल ती दाखवली जाई. कुणाला शहरातली, कुणाला उपनगरातली. समाजशास्त्रज्ञ जेम्स रोझेनबॉम यांनी काही वर्षांनी या मुलांचा माग काढला. शहरात राहिलेल्यांपैकी 21 टक्के कॉलेजात गेली होती, उपनगरात गेलेल्यांपैकी 54 टक्के.

आकडा थक्क करणारा, पण नमुना लहान होता आणि वाटपही पक्की सोडत नव्हती. म्हणून 1994 पासून सरकारनं खरी सोडत सुरू केली. बॉस्टन, न्यूयॉर्क, बाल्टिमोर, शिकागो आणि लॉस एंजेलिस या पाच शहरांतल्या सरकारी वसाहतींमधली 4,604 कुटुंबं त्यात होती. एका गटाला कमी गरिबीच्या वस्तीतच चालणारं कूपन, दुसऱ्याला कुठेही चालणारं, तिसऱ्याला काहीच नाही. सोडतीची जादू इथे दिसते. अर्ज सगळ्यांनीच केलेला, म्हणजे इच्छा सगळ्यांचीच. मिळकत तीच, काळजी तीच, कष्ट तेच. फरक फक्त चिठ्ठीचा. पुढे या गटांत सरासरी जे अंतर पडेल ते त्या चिठ्ठीचंच. न्यायासाठी काढलेली सोडत मोजपट्टी होते, आणि ती मोजपट्टी हरलेल्यांवाचून चालत नाही.

सुरुवातीची मोजणी निराश करणारी होती. मोठ्यांची मानसिक अवस्था सुधारली, अति लठ्ठपणा आणि मधुमेह कमी झाला, पण कमाई वाढली नाही. प्रयोग फसला असंच बोललं जाऊ लागलं. 2015 मध्ये अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि दोन सहकाऱ्यांनी आयकराच्या नोंदी लावून पाहिल्या, तोवर त्यातली लहान मुलं कमावती झाली होती. कमी गरिबीच्या वस्तीत हलताना ज्यांचं वय तेरापेक्षा कमी होतं, त्यांची पंचविशीतली कमाई हरलेल्या कुटुंबांतल्या मुलांपेक्षा साधारण 31 टक्क्यांनी जास्त होती. तेरा उलटल्यावर गेलेल्यांना फायदा नाही, उलट थोडं नुकसानच. म्हणजे चांगल्या वस्तीतलं बालपणाचं एकेक वर्ष अंगी लागत जातं! (चेट्टी स्वतः दिल्लीहून अमेरिकेत गेले ते वयाच्या नवव्या वर्षी.)

मात्र कमी गरिबीच्या वस्तीचं ते कूपन मिळालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त कुटुंबं त्यावर हललीच नाहीत. चांगल्या वस्तीत कूपन घेणारा घरमालक मुदतीत सापडायला हवा ना. मुंबईत भाड्याचं घर शोधलेल्याला हे वेगळं सांगायला नको. आडनाव विचारून झालं की पुढचा प्रश्न स्वयंपाकघरात शिरतो. म्हाडाचा संगणक उत्पन्न गट आणि आरक्षणाचा प्रवर्ग पाहतो, घरात काय शिजतं ते विचारत नाही.

आपल्याकडेही हा हिशेब मांडला गेला आहे. अहमदाबादेत झोपडपट्टीतल्या बायकांच्या एका सोडतीत 110 जणींना शहराच्या मध्यापासून बारा किलोमीटरवर घर लागलं. चौदा वर्षांनी पाहिलं तर घर चांगलं, पण कमाई आणि मुलांची प्रगती हरलेल्यांइतकीच. अडीअडचणीला धावणारे नातलग आणि शेजारी मात्र दुरावलेले. बऱ्याचजणी तर गेल्याच नव्हत्या, किंवा जाऊन परतल्या होत्या. उलट, म्हाडाच्या मुंबईतल्या 2012 आणि 2014 च्या सोडतींचा संशोधक तनू कुमार यांनी अभ्यास केला. तिथे विजेत्या घरांत शिक्षण वाढलेलं दिसलं, आणि प्रभागातल्या तक्रारी घेऊन पालिकेकडे जाणंही. यातल्या बऱ्याच विजेत्यांनी घर भाड्यानं दिलेलं होतं.

पुढच्या सोडतीचा अर्ज भराल तेव्हा चटईक्षेत्र आणि किंमत पाहालच. त्याआधी मुलाचं वय आणि त्या पत्त्यापासून शाळेचं अंतर, हे दोन आकडे कागदावर लिहून ठेवा.