नळीतली केसभर जागा

गेल्या महिन्यात टोकियोहून भाच्याचा फोन आला. तो तिथे नोकरीला आहे आणि सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर चिबामधल्या मैदानावर एअरसॉफ्ट खेळायला जातो. "मामा, नळी आतून आरशासारखी लख्ख केली. तारेच्या ब्रशने घासली, वरून तेलही सोडलं. तरी छर्रे आधीपेक्षा वाईट जातायत. पहिले चार-पाच तर अर्ध्या वाटेतच खाली बसले." मी त्याला म्हटलं, आधी तेल कुठवर पोचलंय ते बघ.

एअरसॉफ्ट जन्मला जपानमध्येच. सामान्य माणसाला खरी बंदूक बाळगणं तिथे जवळजवळ अशक्य, म्हणून हुबेहूब दिसणाऱ्या पण प्लॅस्टिकचा छर्रा उडवणाऱ्या बंदुका निघाल्या. 1991 मध्ये टोकियो मारुई कंपनीने बॅटरीवर चालणारी बंदूक बाजारात आणली आणि खेळाचं रूपच बदललं. आत मोटर, गिअर, स्प्रिंग आणि पिस्टन, दारूगोळा नाहीच. पिस्टन हवा दाबतो, हवा छर्रा ढकलते. छर्रा वजनाला बहुधा 0.2 ग्रॅम, म्हणजे तांदळाचे आठ-दहा दाणे. जपानी कायद्याने त्याच्या ऊर्जेला 0.98 ज्यूलची मर्यादा घातली आहे. हिशेब केला तर 0.2 ग्रॅमचा छर्रा तेवढ्या ऊर्जेत सेकंदाला सुमारे 99 मीटर वेगाने सुटतो. ताशी साडेतीनशे किलोमीटर! डोळा फोडायला एवढं पुरेसं आहे, म्हणून साफसफाई करतानाही चष्मा हवाच.

छर्ऱ्याला 6 मिलिमीटरचा म्हणतात, पण प्रत्यक्षात तो 5.95 भरतो. आतली नळी सहसा पितळेची. साधी असेल तर 6.08 मिलिमीटरची, नेमबाजीसाठी घट्ट घेतली तर 6.03 किंवा 6.01. म्हणजे 6.03च्या नळीत छर्ऱ्याभोवती मिळून 0.08 मिलिमीटर मोकळीक उरते, साधारण एका केसाच्या जाडीएवढी. दोन्ही बाजूंना वाटली तर अर्धा-अर्धा केस. या फटीतून निसटणारी हवा छर्ऱ्याला भिंतीपासून दूर ठेवते. धुळीचा कण या फटीच्या मानाने लहान नसतो. छर्रा त्याला थडकला की तिरका होतो, आणि तिरका झालेला छर्रा वेगळीच गिरकी घेऊन बाहेर पडतो.

सगळी मेख या गिरकीत आहे. खऱ्या रायफलच्या नळीत आटे असतात, एअरसॉफ्टची नळी आतून सपाट असते. तिच्या मागच्या टोकाला रबराची एक छोटी टोपी बसवलेली असते आणि तिचा उंचवटा वरून नळीत डोकावतो. याला हॉप-अप म्हणतात. पुढे निघालेल्या छर्ऱ्याचा माथा या रबराला घासतो, तळ पुढे सरकतो आणि छर्रा उलटा फिरत सुटतो. अशा फिरत्या चेंडूवर हवा आडवा जोर लावते. बर्लिनच्या हाइनरिक माग्नुस यांनी 1852च्या सुमारास याचा अभ्यास केला, म्हणून तो 'माग्नुस परिणाम'. फिरकी गोलंदाजाचा चेंडू टप्पा पडण्याआधीच हवेत सरकतो, तो याच जोराने. उलट्या फिरकीत हा जोर वरच्या दिशेने लागतो. अर्धा सेकंद हवेत राहिलेली वस्तू गुरुत्वाकर्षणाने एरवी सव्वा मीटर खाली येते. हॉप-अपमुळे छर्रा तेवढा वेळ जवळजवळ सरळ तरंगतो. रबराला तेल लागलं की ते छर्ऱ्याला धरतच नाही. भाच्याचे छर्रे खाली बसत होते, त्याचं कारण हेच.

खऱ्या बंदुकीच्या नळीत जळलेल्या दारूची काजळी आणि धातूचा थर साचतो, तो काढायला ब्रश, द्रावक, तेल लागतं. एअरसॉफ्टच्या नळीत काहीच जळत नाही. तिथे साचते ती धूळ, छर्ऱ्यांचा प्लॅस्टिकचा पातळ लेप, आणि गॅसवर चालणारी बंदूक असेल तर गॅससोबत येणारं सिलिकॉन तेल. हे काढायला सुती कापडाची पट्टी पुरते. तरी हौशी खेळाडू खऱ्या बंदुकीची रीत इथे लावतात आणि मळाने झालं नसतं एवढं नुकसान पुसण्याने होतं. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

पितळ मऊ असतं. काठिण्याच्या मोजपट्टीवर ते तीन-चारच्या आसपास, पोलाद त्याच्या बरंच वर, आणि मातीतला वाळूचा कण, म्हणजे क्वार्ट्झ, थेट सातवर. म्हणून पोलादी ब्रश नको, उघडा पोलादी गज नको, आणि जमिनीवरचे छर्रे वेचून पुन्हा भरायचे नाहीत. त्यांना चिकटलेली वाळू आतून ओरखडे काढते. देव्हाऱ्यातली समई आपण चिंच लावून उजळवतो किंवा पावडरीने घासतो. समईचा एक पापुद्रा गेल्याने काही बिघडत नाही, इथे हिशेब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा आहे.

अमोनिया असलेलं पितळेचं पॉलिश तर दूरच ठेवावं. यामागची गोष्ट भारतातलीच आहे. एकोणिसाव्या शतकात इथल्या ब्रिटिश फौजेने पितळी काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागांमध्ये साठवली आणि पावसाळा सरेपर्यंत कित्येक काडतुसांना तडे गेलेले आढळले. नेमकं कारण 1921 मध्ये उमगलं. घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया दमट हवेत तांब्याशी संयोग पावतो, आणि घडवताना पितळात राहून गेलेला ताण ते फाडतो.

रबराचं गणित वेगळं. सायकलच्या ट्यूबचा तुकडा रात्रभर रॉकेलमध्ये ठेवून पाहा, सकाळी तो फुगून लिबलिबीत झालेला असेल. खनिज तेलाने बऱ्याच रबरांची हीच गत होते. सिलिकॉन तेल साध्या रबराला चालतं, पण टोपीच सिलिकॉनची असेल तर तिला तेच फुगवतं. ॲसिटोन, म्हणजे नखांचा रंग काढायचं द्रावण, तर बंदुकीचं प्लॅस्टिकच विरघळवू शकतं.

मग नळी पुसायची कशी? आधी मॅगझिन काढायचं. ते काढल्यावरही एखादा छर्रा आत अडकून राहतो, तेव्हा सुरक्षित दिशेला दोन-तीनदा चाप ओढून तो काढून टाकायचा, मग बॅटरी सोडवायची. हॉप-अपची चकती शून्यावर आणायची, म्हणजे रबराचा उंचवटा वर जातो. बंदुकीसोबत आलेल्या प्लॅस्टिकच्या गजाला टोकाशी फट असते. तीत जुन्या सुती बनियनची पट्टी ओवून गुंडाळायची. ती इतपतच जाड हवी की बोटाच्या जोराने सरकेल. दाबून बसवली तर आतच अडकते. रबराला टेकेपर्यंत ढकलू नये, थोडं आधीच थांबून हलक्या हाताने फिरवत मागे ओढावं. नळी बाहेर काढता येत असेल तर रबराची टोपी उतरवून मागच्या बाजूने पुसणं सगळ्यात उत्तम. चिकट थर असेल तर मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात त्या आयपीएचे, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलचे, दोन थेंब पट्टीवर घ्यावेत, खिडकी उघडी ठेवून, आणि शेवटची पट्टी कोरडीच फिरवावी. तेल नळीत अजिबात नको. ते धूळ धरून ठेवतं.

ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील 2022 मध्ये कैरोत जगज्जेता झाला, ती दहा मीटर एअर रायफल या नात्यातली दूरची बहीण. तिचा छर्रा 4.5 मिलिमीटरचा, शिशाचा, नळी आटेदार पोलादी. पण तिथेही नळीतून ब्रशऐवजी नमद्याच्या मऊ गोळ्या फिरवतात.

भाच्याने आठवड्याने फोटो पाठवला. चार पट्ट्या शेजारी-शेजारी मांडलेल्या: पहिलीवर तेलकट राखाडी पट्टा, दुसरीवर फिकट, तिसरीवर पुसटशी रेघ, चौथी कोरी. रबर त्याने काढून कोरडं पुसलं होतं आणि छर्रे पुन्हा तरंगू लागले होते. फक्त तिसाएक मीटरनंतर ते अजून डावीकडे झुकतात. नळीच्या तोंडापाशी आत तारेच्या ब्रशचा एक ओरखडा आहे. टॉर्च धरला की चमकतो, नखाला लागतो. तो पुसून जाणारा नाही. नळी बदलावी लागेल, असं मी त्याला कळवलं.